मुंबईतली बडी हॉटेलं: माझा क्रम, आणि तो विंग बदलली की का बदलतो

प्रश्न थोडक्यात असा, की आई-बाबांच्या लग्नाला फेब्रुवारीत ४५ वर्षं होतायत, दोघं सत्तरीच्या पुढेमागे, नाशिकहून येणार, मुंबईत दोन रात्री एखाद्या भारी हॉटेलात ठेवायचंय, धाकटा भाऊ त्याच सुमारास न्यू जर्सीहून उतरणार, रात्रीला तीसेक हजारांची तयारी आहे. तर ताज, ओबेरॉय, सेंट रेजिस, फोर सीझन्स, लीला आणि जेडब्ल्यू यांचा एक ते सहा क्रम लावून द्या. शिवाय यातलं सेव्हन स्टार कोणतं तेही सांगा.

सेव्हन स्टारचं आधी उरकून टाकते. असं काही नसतं. आपल्याकडे केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची कमिटी हॉटेलांना स्टार देते, त्यात सगळ्यात वरची पायरी फाइव्ह स्टार डिलक्स, तिच्यावर काही नाही. आणि ते वर्गीकरणसुद्धा ऐच्छिक असतं, हॉटेलने अर्ज केला तर तपासणी होते, खोल्यांचा आकार, लिफ्ट, रेस्टॉरंट, अपंगांसाठीची सोय असल्या गोष्टींची यादी असते. त्या यादीत बसणारी हॉटेलं मुंबईत भरपूर आहेत, त्यामुळे स्टार बघून तुम्हाला निवड करता येणार नाही.

मी फ्रंट ऑफिसमध्ये सुरुवात केली, मग रिझर्व्हेशनला होते, आता बाहेरून कंपन्यांची आणि फॅमिलींची बुकिंग बघते, म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजू माहितीयेत. तुमच्या सहांचा सरळ एक ते सहा क्रम लावायला मला जड जातं त्याचं कारण एकच, मुंबईत एका हॉटेलच्या पोटात दोन-तीन हॉटेलं असतात. ताजची पॅलेस विंग आणि ताजची टॉवर विंग एकाच नावाने विकली जाते, एकच लॉबी, एकच स्विमिंग पूल, पण रात्र दोन्हीकडे वेगळी जाते. तसंच समुद्राकडची खोली आणि मागच्या बाजूची खोली. म्हणून मी विंग धरून क्रम लावते, आणि तुमच्या आई-बाबांसाठी लावते, माझ्या एखाद्या बँकवाल्या क्लायंटसाठी लावला असता तर उलटापालटा झाला असता.

पहिला नंबर ओबेरॉय, नरिमन पॉइंट, समुद्राकडची खोली. दुसरा ताजची पॅलेस विंग. आता लोक म्हणतील ताज दुसरा कसा, तर सांगते.

ताज बघायला जायचं हॉटेल आहे आणि ओबेरॉय राहायचं. ओबेरॉयमध्ये शिरलात की लॉबीतला तो लाल पियानो, समोर काचेतून अख्खा समुद्र, आणि गंमत म्हणजे गर्दी नाही. खोल्या तीनशेच्या आत, त्यामुळे स्टाफला पाहुण्याचं नाव लक्षात राहतं. बटलर चोवीस तास. बाबांनी सकाळी चहा कसा घेतला, साखर किती, हे दुसऱ्या दिवशी विचारावं लागत नाही, एवढंच नाही तर चष्मा पुसायचं फडकं टेबलावर ठेवलेलं असतं, असल्या बारीकसारीक गोष्टींत या ग्रुपच्या ट्रेनिंगचा हात धरणारं कोणी नाही असं माझं मत आहे. खोल्यांची सजावट मात्र शांत, जरा कोरडीच, झुंबरं-बिंबरं नाहीत, आईला "राजवाड्यासारखं" हवं असेल तर इथे तिला ते वाटणार नाही. पण वयस्कर माणसांना खोलीपासून नाश्त्यापर्यंत फार चालावं लागत नाही, बाहेर पडलं की मरीन ड्राइव्हचा कट्टा, पलीकडे एनसीपीए, नाटक-संगीताचं मोठं केंद्र. तिथे मराठी नाटकांचाही महोत्सव होतो, तुमच्या तारखांना काय लागलंय ते बघून ठेवा, नाटक बघून चालत हॉटेलवर परत यायची चैन मुंबईत दुसरीकडे कुठे मिळत नाही.

याच्या जोडीला ट्रायडंटचं सांगायलाच हवं, तुमच्या यादीत ते नाहीये पण असायला हवं होतं. नरिमन पॉइंटचं ट्रायडंट म्हणजे सत्तरच्या दशकातलं जुनं ओबेरॉय टॉवर्स. त्याच ग्रुपचं, ओबेरॉयला आतून जोडलेलं, दोन्हीकडून समुद्र तोच, आणि दर बऱ्यापैकी कमी. ओबेरॉयची मागच्या बाजूची खालच्या मजल्यावरची खोली आणि ट्रायडंटची विसाव्या मजल्याच्या वरची समुद्राकडची खोली यात निवडायचं झालं तर मी डोळे झाकून ट्रायडंट घेते. संध्याकाळी सहानंतर दिवे लागले की तिथून राणीचा हार, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची रांग, पूर्ण दिसतो, थेट मलबार हिलपर्यंत. सर्व्हिस एक पायरी खाली, लॉबीत कॉन्फरन्सवाल्यांची वर्दळ, बॅच लावलेली माणसं नाश्त्याच्या रांगेत, हे चालणार असेल तर तीस हजारांच्या बजेटमध्ये सगळ्यात कमी धोक्याचा पर्याय हाच. जेवायला ओबेरॉयमध्ये जाता येतंच, आतून रस्ता आहे.

आता ताज. १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं, जमशेटजी टाटांनी बांधलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता हे आपल्या मराठी माणसांनासुद्धा क्वचित माहीत असतं. वैद्यांच्या निधनानंतर चेंबर्स नावाच्या इंग्रज आर्किटेक्टने काम पुरं केलं. बाबांना असल्या गोष्टींत रस असेल तर त्यांना हे आधी सांगू नका, राहणाऱ्या पाहुण्यांसाठी हॉटेलचा हेरिटेज वॉक असतो, त्यात तो अधांतरी जिना बघताना ऐकू देत. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि आर्किटेक्टने जीव दिला ही गोष्ट मात्र कोणी सांगितली तर सोडून द्या, ती भाकडकथा आहे. दर्शनी दरवाजा मागच्या बाजूला होता तो मुद्दामच, आता तिथे स्विमिंग पूल आहे. गेटवे तर तेव्हा नव्हताच, तो १९२४ चा, म्हणजे हॉटेल गेटवेपेक्षा वीसेक वर्षांनी मोठं.

तर पॅलेस विंगमध्ये खोली मिळाली तर तो अनुभव मुंबईत दुसरा नाही, हे मी ओबेरॉयला पहिला नंबर देऊनही म्हणते. उंच छत, लांब रुंद कॉरिडॉर, भिंतीवर खरीखुरी चित्रं, २६/११ नंतर अख्खी विंग दुरुस्त करून १५ ऑगस्ट २०१० ला परत उघडली तेव्हा एवढी बारकाईने केली की कुठे नवीन केलंय ते कळत नाही. पण. पॅलेस विंगमध्येही तीन तऱ्हा आहेत, समुद्राकडच्या, पुलाकडच्या आणि शहराकडच्या. शहराकडची खोली म्हणजे कुलाब्याच्या गल्ल्या आणि समोरच्या इमारतींच्या गच्च्या, त्यासाठी पॅलेसचा दर देणं मला पटत नाही. पुलाकडची शांत असते, वयस्कर माणसांना उलट तीच आवडते, कारण समुद्राच्या बाजूला गेटवेची गर्दी, रविवारी तर जत्रा, फुगेवाले फोटोवाले सगळे. आवाज काचेतून फारसा येत नाही, पण बाल्कनी वगैरेची स्वप्नं बघून कोणी येणार असेल तर त्याला आधी सांगायला हवं.

दुसरं म्हणजे चालणं. हल्ली आत शिरायचं ते टॉवरच्या बाजूने, गाडीची तपासणी, मग बॅगा मशिनमधून, मग लॉबी, आणि तिथून पॅलेस विंगच्या टोकाची खोली मिळाली तर आईच्या गुडघ्यांना ते अंतर जाणवणार. व्हीलचेअर मागितली की लगेच देतात, लाजू नका, पण बुकिंग करतानाच "लिफ्टच्या जवळची पण लिफ्टला चिकटून नको" असं लिहून द्या.

टॉवर विंग, माझ्या क्रमात ती चौथ्या-पाचव्या नंबरला जाते. खोली स्वच्छ, चांगली, वरच्या मजल्यावरून गेटवे आणि बंदरातल्या बोटी झकास दिसतात, पण आत ते कुठल्याही मोठ्या शहरातलं चांगलं हॉटेल आहे. लोक टॉवरमध्ये राहतात आणि फोटो पॅलेसच्या जिन्यावर काढतात. त्यात वाईट काही नाही, दर कमी पडतो, सगळ्या सोयी त्याच, सी लाउंजमध्ये, म्हणजे ताजच्या चहा-खाण्याच्या जागेत, बसायला पॅलेसच्या खोलीची किल्ली लागत नाही. आणि खरं सांगायचं तर राहायला ओबेरॉय-ट्रायडंट आणि एक दुपार सी लाउंज हे मी बऱ्याच जणांना सुचवते. खिडकीजवळचं टेबल आधी फोन करून ठेवा. चहाबरोबर तिथे भेळ, शेवपुरी मिळते, महाग मिळते, पण आईला ताजमध्ये बसून शेवपुरी खाल्ल्याचं पुढे वर्षभर सांगता येईल. जुन्या मुंबईत पारशी-गुजराती घरांतले मुलगी बघायचे कार्यक्रम इथे व्हायचे, अजूनही होतात म्हणतात, शेजारच्या टेबलावर दोन कुटुंबं अवघडून बसलेली दिसली तर समजून जा. बाबा घेत असतील तर खालचा हार्बर बार १९३३ चा, मुंबईतला पहिला परवाना मिळालेला बार म्हणून तो ओळखला जातो.

तुमच्या यादीतल्या सहांत तिसरा नंबर फोर सीझन्स की सेंट रेजिस यावर आमच्या धंद्यात भांडणं होतात. मी फोर सीझन्स म्हणते. वरळीला, २००८ पासून, खोल्या दोनशेच्या आसपास, म्हणजे परत तेच, कमी खोल्या की सर्व्हिस पाहुण्यापर्यंत पोचते. आजूबाजूला बघण्यासारखं काही नाही, गेटबाहेर पडून चालायला जागा नाही, सतत कुठेतरी बांधकाम चालू. खिडकीतून एका बाजूला समुद्र, एका बाजूला टॉवर आणि त्यांच्या पायाशी पत्र्याची घरं, मुंबई आहे तशी दिसते, काहींना ते बघवत नाही. वरचा एअर नावाचा बार ३४ व्या मजल्यावर, सूर्यास्ताला भाऊ आणि तुम्ही जा, आई-बाबांना तिथल्या म्युझिकचा त्रास होईल.

सेंट रेजिस लोअर परळला, फिनिक्स मिलच्या जागेवर, मॉलला चिकटून. नावं बदलत आलंय, आधी शांग्रि-ला होतं, मग पॅलेडियम, २०१५ पासून सेंट रेजिस. उंचच उंच, वरच्या मजल्यावरून रेसकोर्स आणि त्यापलीकडे समुद्र असा नजारा, हा मला फार आवडतो, खास करून पावसाळ्यात रेसकोर्स हिरवंगार असतं तेव्हा. खोल्या मोठ्या, पलंग उत्तम, खायला-प्यायला एकाच इमारतीत सात-आठ जागा. पण चारशेच्या आसपास खोल्या, लग्नाचे हॉल, बार, रात्री लिफ्टमध्ये सेंटचा घमघमाट आणि उंच टाचा. तिशीतल्या जोडप्याला मी हेच देईन, तुमच्या आई-बाबांना नाही. सेनापती बापट मार्गावर संध्याकाळी अडकलात तर शेवटचे पाचशे मीटर जायला किती वेळ लागेल ते देवच जाणे.

मॅरियटचं जेडब्ल्यू म्हणजे कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही. दोन आहेत, जुहूचं आणि सहारचं. लोक ऑनलाइन घाईत बुक करतात आणि टॅक्सी भलतीकडेच जाते, हे अजूनही होतं. सहारचं एअरपोर्टच्या टी-टू टर्मिनलला अगदी जवळ, विमानासाठी उत्तम, सणासाठी निरर्थक. जुहूचं समुद्राला लागून, पूल छान, रविवारचा ब्रंच गाजलेला, लॉबीत सिनेमातला एखादा चेहरा दिसायची शक्यता बरीच. जुहूला वीकेंडला दर चढतात आणि बीकेसी-नरिमन पॉइंटसारख्या ऑफिसच्या भागात उतरतात, कारण सूटबूटवाले शुक्रवारी संध्याकाळी विमानाने घरी जातात. तुमचा कार्यक्रम शनिवार-रविवारचा असेल तर हे गणित तुमच्या फायद्याचं आहे, जो बिझनेसवाला ओबेरॉय मंगळवारी परवडत नाही तो शनिवारी परवडू शकतो. अर्थात तोच मुहूर्ताचा शनिवार असेल आणि खाली बॉलरूममध्ये कोणाची तरी लग्नाची पार्टी असेल तर सगळं गणित पाण्यात, म्हणून तारीख पक्की करण्याआधी हॉटेलला सरळ विचारा की त्या दिवशी बँक्वेटला काय आहे.

लीला, सहारचं. ऐंशीच्या दशकातलं, कॅप्टन नायरांचं पहिलं हॉटेल, बाग मोठी, एअरपोर्टच्या एवढ्या जवळ असून हिरवळ, कारंजी, हे बाकी कुणाकडे नाही. इमारत उंच नाही, आडवी पसरलेली, त्यामुळे आत परत चालणं आलं. एअरपोर्टच्या भागात राहायचंच असेल तर मी लीलापेक्षा आयटीसी मराठाला झुकतं माप देते, आणि ते शंभर टक्के जेवणासाठी. तिथलं पेशावरी रेस्टॉरंट! रात्रभर मंद आचेवर ठेवलेली काळी डाळ, भल्यामोठ्या नान, गळ्यात ॲप्रन बांधून हाताने खायचं, काटेचमचे मागितले तरच. जोडीला दम पुख्त. मी तर म्हणते राहा कुठेही, पण भावाला आणायला किंवा सोडायला एअरपोर्टकडे जाणं झालं तर तिथे जेवा. आई-बाबा शाकाहारी असतील तरी अडत नाही, ती डाळ आणि तंदुरी भाज्या यावर माणूस तृप्त होतो.

वांद्र्याचं ताज लँड्स एंड पण तुमच्या यादीत नाही. समुद्र दोन बाजूंनी, सी लिंक समोर, शेजारी वांद्र्याचा किल्ला, हवा मोकळी. नातेवाईक उपनगरात असतील तर दक्षिण मुंबईपेक्षा हे सोयीचं. फक्त तिथे जायचा बँडस्टँडचा रस्ता शाहरुख खानच्या मन्नतवरून जातो, सुट्टीच्या संध्याकाळी बंगल्यासमोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असतेच, आणि २ नोव्हेंबरला, त्याच्या वाढदिवसाला, तर त्या वाटेला जाऊच नका. सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा. फेब्रुवारीत वाढदिवस आणि जत्रा दोन्ही नाही.

तर तुमच्यासाठी क्रम असा पडतो: ओबेरॉय समुद्राकडची, ताज पॅलेस पुलाकडची किंवा समुद्राकडची, मग ट्रायडंट वरचा मजला, मग फोर सीझन्स, ताज टॉवर, सेंट रेजिस, लँड्स एंड, जुहूचं जेडब्ल्यू, आणि एअरपोर्टवाली सगळ्यात शेवटी, ती वाईट म्हणून नाही, तर एअरपोर्टजवळ राहून लग्नाचा वाढदिवस कोण साजरा करतं?

आता पैसे. दर रोज बदलतात, कधी दिवसातून दोनदा, म्हणून मी आकडे लिहीत नाही, तुम्ही वाचेपर्यंत शिळे होतील. पण तीस हजार म्हणजे टॅक्ससकट की टॅक्सशिवाय ते आधी ठरवा. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी आहे. स्क्रीनवर २४,००० दिसलं तर त्यावर ४,३२० चढून २८,३२० होतात, ते नाश्त्याशिवाय असेल तर दोघांचा नाश्ता वेगळा. अशा हॉटेलातल्या रेस्टॉरंटलाही १८ टक्के, बाहेरच्यासारखे ५ नाहीत. दारूवर जीएसटी नाही पण राज्याचा व्हॅट आहे. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला आणि द्यायचा नसेल तर काढायला सांगता येतं, सक्ती नाही, पण मग ज्याने खरंच धावपळ केली त्याच्या हातात काहीतरी ठेवा. फेब्रुवारी हा सीझन आहे, ऑक्टोबर ते मार्च मुंबई महागच असते. त्यामुळे ओबेरॉयची समुद्राकडची आणि पॅलेस विंग तीस हजारांत बसेलच असं धरून चालू नका, ट्रायडंट आणि टॉवर बसण्याची शक्यता जास्त. एक रात्र कमी करून वरची खोली घ्या असंही मी सुचवेन. दोन साधारण रात्रींपेक्षा एक चांगली रात्र आणि दुपारी बारापासून लॉबीत हक्काने बसणं, हे लोकांच्या जास्त लक्षात राहतं, तोवर खोली तयार नसली तरी बॅगा ठेवून घेतात.

बुकिंग कुठून करावं यावर माझं मत ठाम आहे. स्वस्त दर ॲपवर बघा आणि मग हॉटेलच्या रिझर्व्हेशनला फोन करा. सकाळी फ्रंट ऑफिसमध्ये त्या दिवशी येणाऱ्यांची यादी घेऊन खोल्या वाटल्या जातात. आधी नेहमीचे पाहुणे आणि मेंबरशिपवाले, मग ज्यांच्या बुकिंगवर काही टीप लिहिलेली आहे ते, आणि सगळ्यात शेवटी ॲपवरून स्वस्तात आलेले, ज्यांना उरलेल्या म्हणजे बर्फाच्या मशिनशेजारच्या, लिफ्टसमोरच्या, दोन खोल्यांमध्ये दार असलेल्या खोल्या जातात. हे कोणी मुद्दाम छळायला करत नाही, कुणाला तरी त्या द्यायच्याच असतात. तुमच्या बुकिंगवर टीप पाहिजे. "वयस्कर जोडपं, लग्नाचा ४५ वा वाढदिवस, वरचा मजला, मधलं दार नसलेली खोली" एवढं ई-मेलने लिहून द्या, दोन दिवस आधी परत फोन करा.

आणि एक गोष्ट जी कोणीच विचारत नाही: बाथरूम. काही खोल्यांत शॉवर टबमध्येच असतो, म्हणजे आंघोळीला गुडघाभर उंच काठ ओलांडून ओल्या टबात उभं राहायचं. सत्तरीच्या माणसाला हे धोक्याचं आहे, आणि घसरून पडलं की वाढदिवस अस्थितज्ज्ञाकडे. वेगळा शॉवर, सपाट जमीन, धरायला दांडा, हे स्पष्ट मागा. जुन्या हेरिटेज खोल्यांत तर नक्की विचारा, कारण प्रत्येक खोलीचा नकाशा वेगळा असतो. पलंग उंच असेल तर पायाखाली स्टूल मिळतं. एकच मोठा पलंग की दोन वेगळे, हे आईला विचारून ठरवा, मुलं परस्पर "रोमँटिक" म्हणून एक पलंग घेतात आणि बाबांच्या घोरण्याने आई रात्रभर जागी.

केक येईलच, नको म्हटलं तरी येईल. बाबांना साखर असेल तर आधी सांगा, चार माणसांसमोर टाळ्या-गाणं आवडत नसेल तर तेही सांगा, खोलीत ठेवतात. संकष्टी किंवा महाशिवरात्रीचा उपास तुमच्या तारखांत येत असेल तर आदल्या दिवशी शेफला निरोप द्या, साबुदाण्याची खिचडी करून देतात, या पातळीच्या किचनला ते अजिबात अवघड नाही. नाश्त्याचे पोहे मात्र बुफेतल्या झाकणाखालचे घेऊ नका, वेटरला सांगून ताजे मागवा. आणि एका सकाळी नाश्ता सोडून ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होममध्ये मिसळ खायला गेलात तर मरीन ड्राइव्हवरून टॅक्सीने लांब नाही.

जायचं-यायचं. नाशिकहून पंचवटीने आलात तर सीएसएमटीवर उतरून कुलाबा किंवा नरिमन पॉइंट जवळच, म्हणूनही दक्षिण मुंबई तुम्हाला सोयीची. सिद्धिविनायकाला जायचं असेल तर भुयारी मेट्रो आता कफ परेडपर्यंत चालू आहे, विधान भवनला चढा, सिद्धिविनायकला उतरा, आई-बाबांना मेट्रोचं अप्रूप वाटेल ते वेगळंच. घारापुरीच्या लेण्यांचा बेत असेल तर सोमवार सोडून, सोमवारी बंद असतात, आणि तिथे पायऱ्या बऱ्याच आहेत, डोली मिळते. बोटी गेटवेवरून, म्हणजे ताजच्या दारातूनच.

चेक-इनला क्रेडिट कार्ड द्या, डेबिट नको. हॉटेल वरखर्चासाठी काही रक्कम अडकवून ठेवतं, डेबिट कार्डावर ती खात्यातून जाते आणि परत यायला दिवस लागतात. तुम्ही बरोबर नसाल आणि बिल तुम्ही भरणार असाल तर तसं हॉटेलला आधीच लेखी कळवा, नाहीतर काउंटरवर बाबांकडे कार्ड मागतात आणि सरप्राइजची वाट लागते. दोघांची मूळ ओळखपत्रं हवीत, आधार वगैरे.

राहिला भाऊ. युरोप आणि आखातातून येणारी बरीच विमानं मुंबईत रात्री उशिरा किंवा पहाटे उतरतात, आणि चेक-इन असतं दुपारी दोन-तीनला. तो १५ तारखेला पहाटे अडीचला उतरणार असेल तर त्याची खोली १४ तारखेपासून बुक करायला लागते आणि हॉटेलला लिहून कळवायचं की पाहुणा पहाटे येणार, नाहीतर रात्री बारानंतर "आलाच नाही" धरून बुकिंग रद्द होऊ शकतं, हॉटेल भरलेलं असेल तर खोली दुसऱ्याला जाते. एवढ्यासाठी ओबेरॉयची अख्खी रात्र भरू नका. ती पहिली रात्र त्याला टी-टूजवळ कुठेही झोपू द्या, किंवा टर्मिनलमध्येच तासांच्या हिशोबाने खोल्या देणारं हॉटेल आहे, आणि सकाळी दहानंतर, ऑफिसची गर्दी ओसरली की, कोस्टल रोडने नरिमन पॉइंटला येऊ द्या. त्याचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्ड किंवा व्हिसाही बरोबर हवा, हॉटेलला परदेशी पाहुण्याचा फॉर्म भरावा लागतो, आणि ओसीआय घरी ड्रॉवरमध्ये राहिलं की काउंटरवरचा पोरगा काही करू शकत नाही.